जाड ऑइल

ट्रेमध्ये दोन लिटर तीनशे पन्नास मिलिलिटर काळं ऑइल होतं. अर्ध्या लिटरच्या मोजपात्रानं पाच खेपांत मी ते मोजलं. त्यातलं दहा मिलिलिटर पेट्रोलमध्ये पातळ करून फिल्टर पेपरमधून गाळलं, पेपर उन्हात वाळवला आणि भिंग धरून त्यावरचे चमकणारे कण मोजले. एकेचाळीस. पेपरखालून चुंबक फिरवला तेव्हा सात कण हलले. चौतीस जागचे हलले नाहीत.

"काय गाळालीस गं शास्त्रज्ञीणबाई?" भूपालकाकांनी फाटकातूनच विचारलं. "चहा असंल तर कपभर मला पण दे."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आण्णांचे, धाकटे भाऊ. शिरोळच्या रस्त्याला त्यांचं गॅरेज होतं. आमच्यासाठी ते नवा फिल्टर आणि नव्या ऑइलचा डबा घेऊन आले होते. मी पेपर त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो उजेडाकडं केला, अंगठा फिरवला, मग अंगठा पँटला पुसला आणि चहाचा विषय परत काढला नाही.

आमची गाडी आठशे सीसीची, पेट्रोलवरची, पांढरी. आण्णांनी ती जुनीच घेतली होती आणि बारा वर्षं स्वतःच्या हातानं तिचं ऑइल बदललं होतं. दोन आठवड्यांपासून इंजिन तापलं की आतून टक्‌ टक्‌ आवाज येत होता. गाडी विकायची ठरली होती, म्हणून आण्णांनी ऑइल बदलायला काढलं. मी तेव्हा नुकतीच केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, पुण्याला एम.एस्सी.ला माझा नंबर लागला होता आणि फी भरायची शेवटची तारीख आठ दिवसांवर आली होती. गाडी विकायची ती त्यासाठीच. ऑइल गाळायला मला कोणी सांगितलं नव्हतं. काळ्या ऑइलात चमकतंय काय, एवढंच मला बघायचं होतं.

"चुंबकाला चिकटतंय ते लोखंड," काका आण्णांना म्हणाले. "न चिकटणारं बेअरिंगचं. दादा, हिचं बेअरिंग चाललंय. इंजिन खोलायला लागणार."

किती दिवस लागतील, असं आण्णांनी विचारलं. पार्ट कोल्हापूरहून येणार, एक भाग मशीनवर घासून घ्यावा लागणार, म्हणजे पंधरा दिवस तरी धरा, असं काका म्हणाले. नाहीतर गिऱ्हाइकाला खरं सांगा आणि अर्ध्या किमतीत देऊन टाका. आण्णांनी मान हलवली. अर्ध्यात माझी फी बसत नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मग, नुसतं बसून राहवेना म्हणून असेल, काका इकडचं तिकडचं सांगत बसले. पूर्वी गाड्या विकणारे गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालायचे म्हणे, म्हणजे दात घासल्याचा आवाज दबायचा. आता कोण भुसा घालतंय? आता जाड ऑइल घालतात, वर ते घट्ट करायचं औषध मिळतं त्याची एक बाटली ओततात. झिजलेल्या फटीत जाड ऑइल बसतं, आवाज बंद. गिऱ्हाईक खूश. दोन-चार महिने गाडी गुमान चालते.

काकांनी हे चेष्टेत सांगितलं होतं. मी मात्र विचारलं, "जाड म्हणजे किती जाड?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. "ते तू मोजणार व्हय?"

मी मोजलं. गाडी तीन दिवस अंगणात रिकाम्या पोटी उभी राहिली आणि मी स्वयंपाकघरात प्रयोग करत बसले. ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात, मध्ये डब्ल्यू. पहिला आकडा ऑइल थंड असताना किती घट्ट होतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती घट्ट राहतं त्याचा. गाडीच्या पुस्तकात टेन डब्ल्यू थर्टी लिहिलं होतं, आणि काकांनी आणलेला डबा तोच होता. मी बाजारातून ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टीचा डबा आणला आणि औषधाची एक बाटली. एका पिपेटमध्ये दहा मिलिलिटर ऑइल घ्यायचं, ती पिपेट दुधाच्या पातेल्यातल्या गरम पाण्यात धरून ठेवायची, थर्मामीटर स्थिर झाला की बोट काढायचं आणि ऑइल पूर्ण उतरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. आधी चाळीस अंशांवर, मग नव्वदवर. आईनं एकदा डोकावून बघितलं आणि या पातेल्यात आता दूध तापणार नाही, एवढंच सांगून गेली.

नव्वद अंशांवर पुस्तकातलं ऑइल बेचाळीस सेकंदांत उतरलं. जाड ऑइलला एकाहत्तर सेकंद लागले. जाड ऑइलात औषध घातल्यावर एकशे तीन. मी औषधाचं प्रमाण चार वेळा बदललं, प्रत्येक वाचन तीनदा घेतलं आणि आलेख काढला. आलेख सुरेख आला. मला त्या तीन दिवसांत एकदाही वाईट वाटलं नाही, हे खरं आहे म्हणून लिहिते. प्रयोग जमत होता.

आण्णा कारखान्यातून आले की चपला काढता काढता आलेखाकडं बघायचे. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या भरल्या गाड्या त्यांच्या काट्यावरून जायच्या, आणि तेवीस गळीत हंगामांत आण्णांच्या पाळीत काटा मारला असं कोणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडं उसाचा काटा मारणं म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष मारणं. त्यामुळं गावात आण्णांना नमस्कार जरा जास्तच वाकून व्हायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आवाज थांबेल?"

"थांबेल."

"किती दिवस?"

ते मी मोजलं नव्हतं. तसं सांगितलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. काका आले तेव्हा ओट्यावरच्या पिपेटी आणि औषधाची बाटली बघून ते आत आलेच नाहीत. आपला डबा त्यांनी व्हरांड्यातच राहू दिला. "हा मी नेत नाही," ते आण्णांना म्हणाले. "मन बदललं तर हाच ओता." आण्णांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही बापलेकींनी औषध घातलेलं जाड ऑइल भरलं. आण्णांनी खालचा नट आवळला, नवा फिल्टर हातानं बसवला, मी वरून नरसाळ्यातून ओतलं. ते मधासारखं उतरत होतं, सावकाश, धार न तुटता. इंजिन चालू केलं, वीस मिनिटं तापवलं. आम्ही दोघं बॉनेटवर वाकून ऐकत राहिलो. पंखा सुरू झाला, बंद झाला. टक्‌ टक्‌ नव्हतं. आण्णा सरळ झाले, हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळापाशी थांबले.

गिऱ्हाईक रविवारी दहा वाजता येणार होतं. कोण ते मला माहीत नव्हतं. कारखान्यातल्या कोणीतरी सुचवलेलं, एवढंच आण्णांनी सांगितलं होतं. फाटक वाजलं तेव्हा मी बाहेर आले आणि बघितलं तर उपाध्ये बाई.

बाईंनी मला चौथीत शिकवलं होतं. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागून उपाध्ये गुरुजी येत होते, एक हात भिंतीला लावत. गुरुजी शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवायचे. त्या वेळी सदरा त्यांच्या पोटावर ताणलेला असायचा. आता तोच सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागायचं, सकाळी सातची पाळी. एसटीनं जाताना जमायचं, येताना गुरुजी सीटवरून घसरायचे. मुलगा परदेशात. म्हणून बाईंनी एकोणसाठाव्या वर्षी गाडी चालवायला शिकून लायसन्स काढलं होतं.

"दोनदा नापास झाले," बाईंनी आम्हाला सांगितलं. "तिसऱ्यांदा त्या साहेबानं विचारलं, बाई, मागं का घेत नाही? म्हटलं, मला मिरजेला जायचंय, मागं कशाला घेऊ?"

गुरुजी हसले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ही चौगुल्यांची सुनीती ना? सतराचा पाढा चुकणारी?"

"आता पुण्याला चाललीय एम.एस्सी.ला," आई म्हणाली. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

आण्णांनी गाडी चालू केली. बाईंनी फाटकापासून देवळापर्यंत एक फेरी मारली, ताठ बसून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून. परत आल्यावर गुरुजींनी इंजिन बंद करू दिलं नाही. ते बॉनेटपाशी आले, डोळे मिटले आणि कान खाली केला.

"सुरात आहे," ते म्हणाले.

आण्णा तुळशीकडं बघत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "चौगुले, दुसऱ्या कुणाची असती तर चार लोकांना दाखवून आणली असती. माझ्या भावाचा ऊस तुमच्या काट्यावर यायचा. तो म्हणायचा, चौगुल्यांच्या पाळीत गाडी लागली की मी ट्रॉलीखाली झोप काढतो." मग त्या माझ्याकडं वळल्या. "तरी विचारते. तू शास्त्र शिकलीस. तू बघितलीस गाडी? काही आहे का तिच्यात?"

सगळे माझ्याकडं बघत होते, आण्णा सोडून. मला आठवतं, गुरुजींच्या मनगटावर डायलिसिससाठी केलेल्या शिरेचा फुगवटा होता आणि त्यावर पांढरी पट्टी होती.

"ऑइल कालच बदललंय, बाई," मी म्हणाले. "फिल्टरसुद्धा नवीन आहे."

दोन्ही वाक्यं खरी होती.

दुपारी त्या गाडी घेऊन गेल्या. आईनं ताटं वाढली. आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो ताटात ठेवला आणि कारखान्यात काम निघालंय असं सांगून उठले. मे महिना होता. गाळप कधीच संपलं होतं, काटा बंद होता.

पुण्यात माझं बरं चाललं होतं. गाडीचा विषय घरी फोनवर कोणी काढत नसे. एकदा मीच विचारलं तेव्हा आई म्हणाली, बाई आठवड्यातून दोनदा घरावरून जातात, हॉर्न देतात, तुझे आण्णा तेवढ्यापुरते आत जातात.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आण्णांचा फोन आला. मी प्रयोगशाळेतून बाहेर व्हरांड्यात आले. उपाध्ये गुरुजी गेले, असं ते म्हणाले. मंगळवारी पहाटे साडेपाचला बाई त्यांना घेऊन निघाल्या होत्या, आणि मिरजेच्या वाटेवर अर्जुनवाडच्या अलीकडं गाडी बंद पडली. परत चालू झाली नाही. इंजिन जाम झालं होतं. धुकं होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. एक तास चाळीस मिनिटांनी दुधाचा टेम्पो थांबला. मिरजेला पोचेपर्यंत त्यांची पाळी गेली होती, दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. त्या रात्रीच गुरुजींना धाप लागली. दुसऱ्या दिवसाची वेळ लागली नाही.

मग आण्णा म्हणाले, "काटा मी मारला. तू वजनं आणून दिलीस, एवढंच."

"आण्णा, मी येते."

"ये. मी दोनदा फाटकापर्यंत गेलो त्यांच्या. आत जाता आलं नाही."

फोन काकांनी घेतला. ते शेजारीच असणार. नेहमीसारखं काही चेष्टेचं बोलले नाहीत. "आवाज करणारी गाडी सांगून सवरून मरते, पोरी," ते म्हणाले. "हिला आपण बोलूच दिलं नाही."

त्या मंगळवारचं किमान तापमान मी वाचनालयातल्या वर्तमानपत्रात शोधलं. अकरा अंश. अकरा अंशांना जाड ऑइल, त्यात औषध घातलेलं, पंपानं उचलून झिजलेल्या बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बेअरिंग कोरडं फिरतं. थंडी पडल्यापासून, दर खेपेला. हे मला त्या मे महिन्यातही समजायला हवं होतं, कारण डब्यावरचा पहिला आकडा त्याचाच असतो. मी चाळीस अंशांवर मोजलं होतं आणि नव्वदवर मोजलं होतं. पहाटे कोणी गाडी काढेल, हे माझ्या आलेखात नव्हतं.

पंधरा दिवसांनी सुट्टी मिळाली तेव्हा मी बाईंच्या घरी गेले. आण्णा बरोबर निघाले होते, कोपऱ्यावर थांबले. मी एकटीच पुढं गेले.

बाई सोप्यात निवडत बसल्या होत्या, तांदूळ की काय. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, चहा टाकायला उठल्या, आणि मी नको म्हटलं तरी टाकला. गुरुजींची पेटी कापडाखाली होती. पुण्याची थंडी कशी आहे, खोली कशी आहे, जेवणाचं काय करतेस, हे सगळं त्यांनी विचारलं. त्यांचं बोलणं नेहमीसारखं होतं, फक्त त्या एकेक प्रश्न दोनदा विचारत होत्या.

मग त्या आपणहून गाडीवर आल्या.

"तुझ्या आण्णांना सांग, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. फाटकापर्यंत येऊन परत जातात, मला खिडकीतून दिसतं. त्यांनी गाडी चांगलीच दिली होती, सहा महिने कुरकुर नाही. चूक माझी झाली."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यानं मला बजावलं होतं," बाई सांगत होत्या. "बाई, दर रविवारी इंजिनातली दांडी काढून ऑइल बघायचं. दांडीवर दोन खुणा असतात, त्यांच्या मध्ये ऑइल असलं की गाडी तुमची. मी एकही रविवार चुकवला नाही. फक्त त्या शेवटच्या रविवारी यांना उलट्या होत होत्या, राहिलं. मंगळवारी गाडी ओढून आणली तो माणूस बॉनेट न उघडताच म्हणाला, ऑइल संपलं असणार, बायकांच्या लक्षात राहत नाही." त्यांनी सुपातला एक खडा उचलला, बघितला, परत सुपातच टाकला. "तेव्हापासून मी बॉनेट उघडलेलं नाही. एक रविवार. एक रविवार बघितलं असतं तर."

त्या क्षणी मला फक्त गप्प बसायचं होतं. गुरुजी गेले होते, गाडी गेली होती, माझं एक सत्र पूर्ण झालं होतं. मी गप्प बसले असते तर ते सगळं त्या एका रविवारवर राहिलं असतं आणि बाई तो रविवार जन्मभर वाहत राहिल्या असत्या. आणखी कोणालाच काही कळलं नसतं.

मी सांगितलं. टक्‌ टक्‌ आवाज येत होता इथपासून सुरुवात केली. ऑइलातले कण, काका काय म्हणाले, जाड ऑइल, औषधाची बाटली, पिपेट, आलेख, सगळं क्रमानं. मधे त्यांनी मला अडवलं नाही. चहा सांडला नाही, प्यायलाही गेला नाही. मी अकरा अंशांपर्यंत आले आणि थांबले.

"मी तुला विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज पार वळणापलीकडं जाईपर्यंत बाई उंबऱ्याकडं बघत होत्या. मला वाटलं आता त्या जा म्हणतील, आणि मी त्याचीच वाट बघत होते.

त्या उठल्या. आत जाऊन गुरुजींच्या जुन्या धोतराचा एक घडी केलेला तुकडा आणि शाळेतली लाकडी पट्टी घेऊन आल्या. मागच्या दारानं मला गोठ्याच्या रिकाम्या शेडमध्ये घेऊन गेल्या. गाडी तिथं होती. काचेवर धूळ बसली होती, मागच्या सीटवर उशी आणि शाल तशीच होती.

"तू केलंस त्याचं काय करायचं ते मी नंतर बघीन," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "आधी दांडी काढ. माझ्याकडून ऑइल कमी पडलं होतं का, तेवढं मला सांग. अंदाजे नको. मोजून सांग."

मी बॉनेट उघडलं. दांडी ओढून काढली, धोतराच्या तुकड्यानं पुसली, पूर्ण आत घातली, परत काढली आणि आडवी धरून पट्टीला लावली. बाईंनी चष्मा वर सरकवला आणि माझ्या खांद्याशी वाकल्या.

वरच्या आणि खालच्या खुणेत वीस मिलिमीटर अंतर होतं. ऑइल वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर खाली होतं.